जैसलमेरच्या सात माश्या

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ऑलिव्ह वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या बॉटल मसाल्यासाठी धणे भाजत होती. मिरच्यांचा खकाणा आधीच घरभर झाला होता. बाहेरच्या खोलीत तिची मुलगी जॅकलिन लॅपटॉपसमोर बसून शिंकत होती आणि प्रत्येक शिंकेनंतर, "मम्मी, तयार मिळतो गं हा मसाला," असं ऐकवत होती.

"ऑलिव्ह आंटी, बसल्यायत ना?" फोनवर रेवती होती. "नसाल तर बसा."

"अगं, गॅसपाशी उभी आहे मी. बोल लवकर."

"नाव ठरलं माशीचं. तुमचं नाव देतेय मी तिला. ऑलिव्हाए! लॅटिनमध्ये, म्हणजे ऑलिव्हची."

ऑलिव्हच्या हातातला कालथा कढईतच थांबला. "माझं कशाला? मार्तंड सरांचं दे."

"सरांच्या नावाचा एक ढेकूण आधीच आहे. आणि आंटी, सातही माश्यांची लेबलं तुमच्या हातची. गाव सम, जैसलमेर, बावीस फेब्रुवारी एक्याऐंशी. ती लेबलं नसती तर त्या नुसत्या सात मेलेल्या माश्या. शुक्रवारी पेपर पाठवतेय. जगात फक्त वाळवंटात सापडणारी नवी जात, आणि ती निघाली आपल्या अंधेरीच्या कपाटातून! झकास ना?"

"झकास," ऑलिव्ह म्हणाली. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. धणे आधी तांबूस झाले, मग काळे. धूर झाला तेव्हा जॅकलिन धावत आली, गॅस बंद केला आणि कढईत डोकावली.

"कोण गेलं?" तिने घाबरून विचारलं.

"कोणी नाही. माशीला माझं नाव देतायत."

"आणि तू असं तोंड करून उभी आहेस? मम्मी, डासाला नाव दिलं असतं तर काय केलं असतंस?"

ऑलिव्ह हसली नाही. हॉलमध्ये गेली, खिडकीपाशी उभी राहिली, परत आत आली, जळलेले धणे कागदात बांधले, पुन्हा सोडले. दुपारी दुधी चढवला, तोही खाली लागला. आनंद व्हावा अशीच गोष्ट होती. अंधेरीच्या त्या कॉलेजात छत्तीस वर्षं तिने प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात मदतनीस म्हणून काम केलं होतं. किडे टाचणीला लावायचे, लेबलं लिहायची, पेट्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या. तिचं नाव कुठे छापून येण्यातलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी ही रेवती, नाहूरची पोरगी, पीएच.डी.साठी त्या जुन्या पेट्या उघडून बसली आणि सरांचं गिचमिड अक्षर वाचायला कोणीतरी हवं म्हणून ऑलिव्हला शोधत बोरिवलीला आली. गेले सहा महिने दोघींचं चांगलं जमलं होतं.

फक्त एक गोष्ट ऑलिव्हने तिला सांगितली नव्हती. सातांतल्या दोन माश्या जैसलमेरच्या नव्हत्या.

*

एक्याऐंशी साली ऑलिव्ह तेवीस वर्षांची होती. नोकरी टेंपररी. जूनमध्ये कायम करू, असं संग्रहालय बघणाऱ्या मार्तंड सरांनी सांगितलं होतं, आणि सरांचा शब्द म्हणजे शब्द. सर शिस्तीचे. फेब्रुवारीत ते जैसलमेरला गेले आणि परत येताना कागदाच्या इवल्या इवल्या डब्यांत कापूस घालून माश्या घेऊन आले. केसाळ, गुबगुबीत, दिसायला मधमाशीसारख्या, पण पंख दोनच आणि तोंडाला लांब सरळ सोंड. इंग्रजीत तिला बी-फ्लाय म्हणतात. मराठीत तिला कोणी नाव ठेवलं नव्हतं म्हणून सर स्वतःपुरतं सोंडमाशी म्हणत. तीन नर आणि चार माद्या, अशी वहीत नोंद झाली.

शनिवारी सकाळी ऑलिव्हने सातही टाचण्यांना लावल्या आणि वाळायला टेबलावर ठेवल्या. लेबलं तिने त्याच वेळी लिहून टाकली. एकाच कार्डावर सात वेळा तोच मजकूर, सगळ्यांत बारीक निबने, काळ्या शाईत, आणि मग कात्रीने कापून सात चिठोऱ्या. काम करायची तीच पद्धत होती. आता राहिलं होतं एकच काम. त्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, मुंग्या चढू नयेत म्हणून, आणि त्या वाट्या रोज भराव्या लागत.

पण रविवारी मनोरीला मावसबहिणीचं लग्न होतं. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस बुधवारपासून लागणार, मग लग्नं बंद, म्हणून त्या आठवड्यात गावात चार घरी मांडव. मनोरी ऑलिव्हचं माहेर. मार्व्याहून पलीकडे जाणारी दुपारची बोट चुकली तर आई घरात घेणार नाही, असं म्हणत तिने साडी सावरली आणि पळाली. वाट्या तशाच राहिल्या.

लग्न झकास झालं. नवऱ्या मुलाचा एक दोस्त होता, फिलिप, गोराईचा. रात्रभर नाचला आणि सोमवारी सकाळी तरीही समुद्रावर फिरायला तयार. वाळूच्या टेकड्यांवर ऑलिव्ह एकदम थबकली. समोर, हातभर उंचीवर, हवेत टांगल्यासारखी एक सोंडमाशी! तशीच केसाळ, तशीच भुरकट. बघता बघता दिसेनाशी झाली आणि दोन हातांवर पुन्हा उगवली.

"हीच! हीच ती जैसलमेरची!" ऑलिव्ह ओरडली.

"ती मनोरीची आहे गो," फिलिप म्हणाला. "मी तिला रोज बघतो." आणि डोक्यावरची हॅट काढून त्याने ती अशी अल्लद टाकली की माशीचा एक केस हलला नाही.

दुसरी खाली वाळूत बसली होती आणि पोटाचं टोक वाळूवर घासत होती, थरथर कापत. "बघ, बघ, ही कुल्ले घासतेय," फिलिप म्हणाला. "लाज नाही बघ बाईला." ऑलिव्हने हसू दाबत तिच्यावर काचेची नळी ठेवली. सर म्हणत, रिकामी नळी घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. म्हणून लग्नालाही तिच्या पर्समध्ये नळी होती. फिलिपने ती नळी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लिपस्टिक ठेवतात गो बायका पर्समध्ये." पुढे तीन वर्षांनी दोघांचं लग्न झालं तेव्हा हीच गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा.

मंगळवारी ती कॉलेजात पोचली आणि टेबलापाशी जाऊन खालीच बसली. वाट्या कोरड्या. मुंग्यांनी दोन माश्या संपवल्या होत्या. एक नर, एक मादी. टाचण्यांना नुसते पंख लटकत होते. बाकीच्या पाच वाचल्या होत्या त्या डांबरगोळ्यांच्या बाजूला होत्या म्हणून. वहीत सात. लेबलं सात. आणि अकरा वाजता सर येणार.

पर्समध्ये दोन माश्या होत्या.

पाच मिनिटांचं काम होतं. तिचा हात तेव्हा एकदम स्थिर होता. सर आले, पेटीवर वाकले, भिंग लावून एकेक बघत गेले आणि मनोरीच्या नरापाशी थांबले. "ऑलिव्ह, ही काय सुरेख टोचलीयस! प्रवासात एक केस गेला नाही हिचा." जूनमध्ये ती कायम झाली. पुढे वर्षानुवर्षं कोणी पाहुणा आला की सर तीच पेटी काढायचे आणि तोच नर दाखवायचे, आणि ऑलिव्ह त्या वेळी काहीतरी आणायला बाहेर जायची.

लग्नानंतर एकदा तिने फिलिपला सांगितलं. तो खूप हसला. "माशीला काय रेशनकार्ड लागतं? आज इथली, उद्या तिथली." सर गेले, नऊ वर्षांपूर्वी फिलिपही गेला. माहीत असणारी ती एकटीच उरली. इतकी वर्षं पेटी कपाटात बंद होती, कोणी तिच्यावर काही लिहिणार नव्हतं, तोवर तिलाही जड जात नव्हतं. आता रेवती लिहिणार होती, आणि वर तिचंच नाव घालून.

*

गुरुवारी सकाळी ती मंडपेश्वरला मेट्रोत बसली. दहाणूकरवाडीला उतरली. पलीकडच्या फलाटावर जाऊन परतीची गाडी येऊ दिली, दारं उघडली, मिटली. ती चढली नाही. बाजूच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, कुठे जायचंय तुम्हाला?" "अंधेरी," ऑलिव्ह म्हणाली. "मग इकडे काय करताय? ती त्या बाजूला." ऑलिव्ह पुन्हा पलीकडे गेली.

रेवतीने तिला दारातच मिठी मारली, हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि स्टूल पुढे ओढलं. "बघा, तुमची माशी. ही होलोटाइप. म्हणजे ज्या एका माशीवरून जातीचं नाव पडणार ती. उद्या जगात कोणाला शंका आली तर याच माशीशी ताडून बघणार. सातांतली सगळ्यांत ताजी मी निवडली. अहो, चव्वेचाळीस वर्षं झाली, पण एक केस गेला नाही हिचा!"

ऑलिव्हने डोळा लावला. भुरकट केसांचा गोंडा, सरळ सोंड, पंखाच्या मधोमध एक तपकिरी ठिपका. बाकीच्यांचे डबीतून, मोटारीतून, गाडीतून मुंबईला आणताना केस झडले होते. ही आली होती हॅटमधून पर्समध्ये आणि पर्समधून पेटीत. ताजी असणारच.

"रेवती, ही जैसलमेरची नाही."

"म्हणजे?"

"ही मनोरीची आहे. माझ्या नवऱ्याने हॅटमध्ये पकडलेली."

रेवती आधी हसली. मग ऑलिव्हने सगळं सांगितलं. वाट्या, लग्न, मुंग्या, सर. सांगताना ती उठली, बसली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. रेवतीचं हसू कधीच मावळलं होतं.

"सहा महिने, आंटी. सहा महिने मी तुम्हाला विचारतेय, या पेटीबद्दल काही आठवतं का!"

"तू विचारायचीस सरांचं अक्षर."

"असं करू नका हां! वाट लागली माझी. सगळी चित्रं या नराची काढलीयत मी. तीन महिने एका डोळ्याने बघून बघून." ती खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. आता दोघीही उभ्या होत्या आणि त्या लहान खोलीत एकमेकींना वाट देत फिरत होत्या. अचानक रेवती थांबली. "आणि हे खरं कशावरून? चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं. तुम्हाला काल काय जेवलात ते तरी आठवतं का?"

"दुधी. जळलेला."

रेवतीला हसू येणार होतं, तिने ते येऊ दिलं नाही. "तुमच्या आठवणीवर मी शास्त्र कसं लिहू? उद्या म्हणाल सगळ्याच मनोरीच्या. शुक्रवारी पाठवते म्हणून सांगितलंय मी गाईडना. कोणाला कळणार आहे?"

हा प्रश्न ऑलिव्हने स्वतःला कालपासून शंभरदा विचारला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो फारच ओळखीचा वाटला. तेवीस वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो.

"मलाही असंच वाटलं होतं," ती म्हणाली. "कोणाला कळलं नाही. खरंच नाही कळलं. पण मी अजून त्या मुंग्यांपाशीच आहे बघ." मग ती म्हणाली, "माद्यांच्या पोटात बघितलंस?"

"काय बघायचं?"

"वाळू. ती दुसरी, मी पकडली ती, वाळूत बसून पोट घासत होती."

रेवतीचा हात पेटीकडे गेला. सोंडमाशीच्या मादीला पोटाच्या टोकाशी एक लहानशी पिशवी असते. ती वाळूत बसून ती भरून घेते, मग एकेका अंड्याला वाळूचा लेप देते आणि मधमाश्यांच्या बिळापाशी उडता उडताच अंडी आत फेकते. हे रेवतीच्याच प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर होतं. पण ती पिशवी उघडून आत कोणत्या गावची वाळू आहे ते बघायचं तिच्या मनात आलं नव्हतं. लेबलावर लिहिलेलं होतं ना!

"नरांना पिशवी नसते," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. पण मादी तरी सांगेल."

पुढचा तास त्यातच गेला. रेवतीने सुईचं टोक ओलं करून चारही माद्यांच्या पोटातून कण काढले आणि चार काचपट्ट्यांवर ठेवले. पहिली काचपट्टी पिवळी. गोल गुळगुळीत कण, राजगिऱ्यासारखे. दुसरीही तशीच, तिसरीही. चौथीवर रेवती बराच वेळ वाकून होती. मग बाजूला झाली.

ऑलिव्हने पाहिलं. काळे टोकदार कण आणि मध्ये मध्ये पांढुरक्या पातळ कपच्या. शिंपल्यांचा चुरा. लहानपणी घरी येताना फ्रॉकच्या दुमडीतून आई झटकायची ती वाळू.

रेवतीने त्यावर पातळ ॲसिडचा एक थेंब टाकला. पांढऱ्या कपच्यांवर बुडबुडे उठले, फसफसले, आणि कपच्या विरघळून गेल्या. काळे कण तेवढे राहिले.

"जैसलमेरला शिंपले कुठून येणार," रेवती म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिने त्या चौथ्या मादीचा पंख पाहिला, मग होलोटाइप म्हणून निवडलेल्या नराचा. दोघांच्या पंखावर मधोमध तपकिरी ठिपका. बाकीच्या पाचांना तो नव्हता. तिने लॅपटॉप उघडला आणि एक ओळ दाखवली. "हे बघा. 'दोन नमुन्यांच्या पंखांवर ठिपका आढळतो. हा जातीअंतर्गत फरक असावा.' या दोन माश्या मला तीन महिने छळत होत्या, आंटी. बसतच नव्हत्या कुठे. शेवटी 'असावा' लिहून मोकळी झाले."

"मग आता?"

"या दोन काढल्या तर उरलेल्या पाच सरळ बसतात. जात नवीच आहे. वाळवंटातलीच आहे." तिने पेटीतले उरलेले दोन नर पाहिले आणि कपाळावर हात मारला. "पण होलोटाइप या दोघांतून घ्यायचा. एकाला पाय चारच आणि दुसरा टकला."

"टकला घे. पाय महत्त्वाचे."

आता मात्र रेवती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. चित्रं पुन्हा काढायची, मापं पुन्हा घ्यायची, गाईडना फोन करायचा. "उद्या काही जात नाही हे. दोन महिने धरा."

"माझं नाव काढून टाक त्यावरून."

"ते मी बघेन. आत्ता माझ्याशी नावाबद्दल बोलू नका, डोकं फिरलंय माझं."

"बरं गो बाय."

रेवतीने मनोरीच्या दोन्ही माश्या वेगळ्या काढल्या आणि टाचणीवरचं लेबल चिमट्यात धरलं. ऑलिव्हचा हात आपसूक पुढे झाला. "काढू नकोस."

"माहीत आहे. जुनं लेबल कधी काढायचं नाही, चुकलं असलं तरी. खाली दुसरं लावायचं. तुम्हीच शिकवलंत." रेवतीने चिमटा खाली ठेवला. "मी फक्त बघत होते. काय सुंदर अक्षर होतं तुमचं! मी कॉम्प्युटरवर छापून देऊ नवीन?"

"निब आहे का?"

निब खणातच होती, गंजलेली. नवी कुठूनशी मिळाली. ऑलिव्हने कार्ड पुढे घेतलं आणि तेव्हा कुठे तिला आपला हात दिसला. पहिल्या चिठोरीवर शाई फुटली. दुसरीवर मनोरीचा म रेषेबाहेर गेला. तिसरी रेवतीनेच न विचारता उचलून टाकली. "घाई नाही, आंटी," ती म्हणाली, आणि भांडणानंतर तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ आला.

चौथी जमली. मनोरी. वाळूची टेकडी. २.३.८१. संग्राहक, इथे ती थांबली. छत्तीस वर्षांत हजारो लेबलं लिहिली, त्या जागी कायम दुसऱ्याचं नाव. मग तिने लिहिलं: फिलिप, ऑलिव्ह.

"दोघं?" रेवतीने विचारलं.

"हॅट त्याची, नळी माझी."

अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं. तिने तसंच दुसरं लिहिलं, फुंकर न घालता वाळू दिलं, आणि टाचण्यांची टोकं एकेक करून आरपार घातली. वर जैसलमेर, सरळ, बारीक, ठाम. खाली मनोरी, थरथरलेली. रेवतीने दोन्ही माश्या एका रिकाम्या डबीत ठेवल्या आणि विचारलं, "त्या टेकड्या आहेत अजून?"

"कॉटेजवाल्यांनी बऱ्याच सपाट केल्या. दफनभूमीच्या मागे थोडी वाळू राहिली असेल."

"आणि माशी?"

"मला काय माहीत? मी तिकडे गेले की कामात असते. कोणी हवेत बघतं का!" मग ती म्हणाली, "फेब्रुवारीत दिसायची. उपास लागायच्या आधी. म्हणजे आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी, मग. नळी घेऊन या."

ऑलिव्हने पर्स उचलली. दारापर्यंत गेली, परत आली, आणि गुडघ्याला हात लावून हळूच वाकून टेबलाखाली पाहू लागली. टेबल आता लोखंडी होतं, पायांना रबरी टोप्या, खाली पांढऱ्या टाइल्स.

"काय शोधताय?" रेवतीने विचारलं.

"काही नाही गं," ऑलिव्ह म्हणाली. "मुंग्या."